वाचकांचे प्रश्न : परराज्यातून पुण्यात आलेली मुले

प्रश्न : आम्ही मूळचे सातारचे, परंतु पतींच्या नोकरीमुळे लग्नानंतरची सारी वर्षे कोलकात्यात गेली आणि दोन्ही मुलांचा जन्मही तिकडचाच. पतींची पुण्याला बदली झाली आणि गेल्या मे महिन्यात आम्ही बावधनला राहायला आलो. मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत आहे, मुलगा तेरा वर्षांचा असून आठवीत आहे. आपल्या माणसांत परत आल्याचा आम्हा दोघांना फार आनंद आहे, मुलांना मात्र येथे काहीच गोड लागत नाही. कोलकात्यात मुलगी मेट्रोने एकटी शिकवणीला जात असे. येथे तिला कोठेही जायचे झाले तरी आमच्यापैकी कोणाला तरी स्कूटरवरून सोडावे लागते आणि त्यावरून रोज खटके उडतात. मुलगा शाळेतून आला की जुन्या मित्रांशी फोनवर बोलत बसतो. तो घरात मराठी बोलतो, पण ‘आई आला’, ‘बस आला’ असे बोलून जातो आणि वर्गातील मुले हसतात. शहराची ओढ लागावी म्हणून आम्ही दर रविवारी त्यांना शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड असे काही ना काही दाखवायला नेत होतो. मागच्या रविवारी मुलीने येण्यास साफ नकार दिला आणि म्हणाली, ‘‘हे तुमचं गाव आहे, आमचं नाही.’’ आमचे कोठे चुकते आहे?
— एक आई, बावधन

उत्तर : मुलीचे वाक्य आपल्याला लागले असणार, परंतु त्यात उद्धटपणापेक्षा वस्तुस्थितीच अधिक आहे. आपण दोघे परत आला आहात. मुले मात्र त्यांचे एकुलते एक गाव सोडून आली आहेत. एकाच ट्रकमधून आलेल्या सामानाबरोबर घरात दोन अगदी वेगळ्या भावना उतरल्या आणि त्यांतील एकीलाच घरात उघडपणे बोलायची मुभा आहे, हे मुलांच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. तेव्हा ‘‘आम्हाला येथे आनंद वाटतो, तुम्हाला वाटत नाही, आणि सध्या ते तसेच असणार’’ असे त्यांना एकदा स्पष्टपणे सांगून टाकावे. त्यानंतर पुण्याची बाजू मांडत बसू नये.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते शनिवारवाडा नसून स्कूटर आहे. कोलकात्यात मेट्रो १९८४ पासून धावते आहे, जोडीला बस, ट्राम आणि लोकलही आहेत. त्यामुळे तेथील मुलामुलींना दहावीच्या आधीपासूनच शहरात एकटे वावरण्याची सवय लागते. पुणे हे दुचाकींवर वाढलेले शहर आहे. येथे वाहन चालविण्याचे वय होईपर्यंत मुले आईवडिलांच्या मागच्या सीटवर अडकून पडतात, आणि उपनगरातील मोठ्या सोसायट्यांतील मुले तर अधिकच. आपल्या मुलीने मैत्रिणी गमावल्या, गल्ली गमावली, तसेच कोणालाही न विचारता घराबाहेर पडण्याची मोकळीकही गमावली. पहिल्या दोन गोष्टी परत देणे आपल्या हातात नाही, तिसरी बऱ्याच प्रमाणात आहे.

बावधनहून वनाझ मेट्रो स्थानक फार दूर नाही. रिक्षा किंवा पीएमपीएमएलची बस तेथवर पोहोचवते. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका गरवारे महाविद्यालय, डेक्कन, महापालिका असे करीत जाते आणि जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दुसऱ्या मार्गिकेची गाडी पकडता येते. विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलत मिळते. मेट्रोत मुलीला परके वाटण्याचे कारण नाही, किंबहुना त्याबाबतीत ती आपल्यापेक्षा सराईत असेल. बसचे प्रकरण थोडे निराळे आहे, कारण पीएमपीएमएलच्या पाट्यांवरील मार्ग क्रमांक देवनागरी अंकांत असतात आणि धावत्या गर्दीत ते वाचण्याची सवय तिकडून आलेल्या मुलांना नसते. पहिल्या एकदोन फेऱ्यांना आपण बरोबर जावे, पण मार्ग तिने शोधावा आणि तिकीटही तिनेच काढावे. त्यानंतर दोघा भावंडांना एखाद्या क्षुल्लक कामासाठी पाठवावे : लक्ष्मी रस्त्यावरून शाळेचे मोजे आणणे, अप्पा बळवंत चौकातून वह्या आणि मार्गदर्शके आणणे. पोहोचल्यावर एक फोन, परतण्याची ठरलेली वेळ आणि अडचणीसाठी ११२ हा क्रमांक, एवढे नियम पुरेत. फोनवर त्यांचे ठिकाण मिनिटामिनिटाला तपासत बसणार असाल, तर मात्र ही सगळी उठाठेव करू नये.

मुले चुकतील, याचीही तयारी ठेवावी. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील बहीणभावाला कोथरूडहून स्वारगेटला उतरायचे होते. दोघे बोलण्याच्या नादात बसूनच राहिली आणि थेट हडपसरला पोहोचली. कंडक्टरने आधी त्यांची कानउघाडणी केली आणि मग परतीची बस कोठून मिळेल ते सांगितले. दोघे अंधार पडायच्या सुमारास घरी आली. आईच्या जिवाची घालमेल झाली होती, मुलांना मात्र रात्रीच्या जेवणात काय सांगू आणि काय नको असे झाले होते. स्थलांतरानंतर त्या घरात पुण्याविषयी मुलांनी आपणहून सांगितलेला तो पहिला किस्सा होता, आणि तो कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाचा नव्हता.

रविवारच्या सहली बंद कराव्यात असे मी म्हणत नाही, परंतु एक रविवार आपला आणि एक मुलांचा असे ठरवावे. मुलांच्या रविवारी त्यांनी मॉल निवडला तर निमूटपणे मॉलमध्ये जावे, झोपून राहणे निवडले तर तेही मान्य करावे. आपल्या रविवारी सिंहगडावर जायचे असेल, तर गाडीने थेट वर न जाता पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी चढावे. वाटेत तानाजी मालुसऱ्यांचा इतिहास परीक्षेच्या तयारीसारखा सांगू नये. धाप लागलेल्या मुलांना लिंबू सरबत आणि वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी व मडक्यातील दही एवढे पुरते, आणि इतिहास ती कधीतरी स्वतःच विचारतात. शहराच्या आतच चढायचे असेल तर पुण्यातील सर्वांत उंच टेकडी, वेताळ टेकडी, आपल्या घरापासून जवळ आहे. सकाळी लवकर गेल्यास तेथे मोर दिसतात. तेराव्या वर्षी मोरांचे विशेष कौतुक नसते, ते सोडा.

नवरात्रात पुण्यात बंगाली मंडळींच्या दुर्गापूजा अनेक ठिकाणी होतात. तेथे मुलांना अवश्य जाऊ द्यावे. ‘आता इथले सण शिका’ असे म्हणून अडवू नये. अष्टमीची अंजली, दुपारच्या भोगाची खिचडी, संध्याकाळी वाजणारा ढाक हा बंगाली ढोल हे त्यांच्या बालपणाचे भाग आहेत आणि पुण्यात आल्यामुळे ते पुसून टाकण्याचे काही कारण नाही. गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकात नाव घालण्याची सूचना आपल्याला अनेक जण करतील. पथकात मैत्री झपाट्याने होते हे खरे, परंतु उत्सवाआधीचे कित्येक आठवडे रोज संध्याकाळी सराव असतो आणि कमरेला बांधलेल्या ढोलाचे वजन व त्याचा आवाज सर्वांना मानवत नाही. मुलीने स्वतः विचारले तर होकार द्यावा, आपण होऊन सुचवू नये.

मुलाच्या बोलण्याबद्दल. बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. बाबा आले काय आणि आई आली काय, क्रियापदाचे रूप एकच. त्यामुळे त्याची चूक अज्ञानाची नसून सवयीची आहे आणि ती ऐकून ऐकूनच जाईल. त्याला जेवताना प्रत्येक वाक्यात सुधारू नये, कारण वर्गात हसणारी मुले आणि घरात थांबवणारे आईवडील असे दोन्हीकडून झाले की मूल बोलणेच सोडते. राज्याच्या २०२० च्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे, त्यामुळे हा विषय त्याला टाळता येणार नाही. वर्गशिक्षकांना एकदा भेटून तो बंगाली वातावरणात वाढला आहे एवढे त्यांच्या कानावर घालावे. पत्रात आपण लिहिलेले नाही, पण कोलकात्याचा मुलगा आहे तेव्हा फुटबॉल खेळत असेल असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर व्याकरणाच्या शिकवणीआधी मैदान शोधावे, कारण मैदानावर चुकीच्या लिंगात मागितलेला पासही मिळतो. जुन्या मित्रांचे फोन तोडू नयेत. रात्री झोपण्याच्या वेळी फोन बैठकीच्या खोलीत राहील, एवढा नियम करावा आणि तो आपणही पाळावा. शक्य झाल्यास दिवाळीच्या सुट्टीत त्यांतील एखाद्या मित्राला पुण्यात बोलवावे. पाहुण्याला शहर दाखवायचे काम मुलांवर सोपवावे आणि आपण घरी थांबावे.

प्रश्न : आम्ही गुरुग्रामहून वाकडला आलो. मुलगा सतरा वर्षांचा असून त्याचा क्लास घरापासून सहा किलोमीटरवर आहे. सोसायटीतील त्याच्या वयाची मुले सर्रास स्कूटर चालवतात. नव्या गावात त्याला मित्र मिळावेत म्हणून स्कूटर द्यावी असे पत्नीचे म्हणणे आहे, माझे मन धजत नाही.
— एक वडील, वाकड

उत्तर : देऊ नये. सोळा ते अठरा या वयात केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना मिळतो आणि बाजारातील नेहमीच्या पेट्रोल स्कूटर त्याहून बऱ्याच मोठ्या इंजिनाच्या असतात, म्हणजे व्यवहारात ती वाट बंदच आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो : २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कारावास आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या मोटारीखाली दोन तरुण जिवांचा बळी गेल्यानंतर तरी ‘सगळेच चालवतात’ हे कारण पुण्यात कोणी पुढे करू नये.

परंतु नुसता नकार देऊन आपली सुटका होणार नाही, कारण मुलाची अडचण खरी आहे. सहा किलोमीटर अंतर सायकलसाठी फार नाही. मात्र वाकडच्या चौकांतील वाहतूक पाहता कोणता रस्ता घ्यायचा, हे एखाद्या रविवारी सकाळी दोघांनी मिळून सायकलवरूनच ठरवावे. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग नसलेल्या विजेच्या दुचाकीला परवाना लागत नाही, तोही एक मार्ग आहे. मात्र कायदा सक्ती करीत नसला तरी हेल्मेट वापरलेच पाहिजे. पत्नीचा मुद्दा मित्रांचा आहे. त्यासाठी क्लासहून परतताना मुलांबरोबर वडापाव खाऊन यायला अर्धा तास आणि थोडे पैसे द्यावेत. ते स्कूटरपेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : माझी लखनौहून पुण्याला डिसेंबरमध्ये बदली होत आहे. मुलगा सीबीएसईच्या शाळेत दहावीत आहे. त्याला आत्ताच पुण्यात आणावे का?
— एक वाचक, लखनौ

उत्तर : आणू नये. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते आणि दहावीत थेट प्रवेश केवळ पालकांच्या बदलीसारख्या ठरावीक कारणांसाठी मंडळाच्या संमतीने मिळतो. आपले कारण त्यात बसेलही, पण परीक्षेच्या तोंडावर शाळा, शिक्षक आणि प्रात्यक्षिकांची वही बदलण्यात त्याचा काहीच लाभ नाही. आपण पुढे यावे, पत्नी व मुलाने परीक्षा आटोपून यावे. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरण्यापूर्वी त्याला एकदा पुण्यात आणून दोनतीन महाविद्यालये आतून दाखवावीत आणि पसंतीक्रम त्याच्यासमोर बसून भरावा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते, म्हणून तो क्रम आईवडिलांनी परस्पर ठरवू नये.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. आम्ही गुवाहाटीहून आलो. आई-बाबा रोज विचारतात, ‘‘मग, आवडायला लागलं का पुणं?’’ हो म्हटले तर खोटे होते आणि नाही म्हटले तर त्यांचा चेहरा उतरतो. मी काय उत्तर देऊ? मला तारे बघायला आवडतात, पण आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून दिव्यांमुळे काही दिसत नाही. हे मी त्यांना सांगितलेले नाही.
— एक मुलगी, हडपसर

उत्तर : ‘‘अजून नाही, आवडले की मी सांगेन, तोवर विचारू नका’’ असे एकदा शांतपणे सांग. त्यांना पहिले काही दिवस जड जाईल, कारण तुला इकडे आणल्याची टोचणी त्यांच्या मनात असते आणि तुझ्या ‘हो’ने ती कमी होईल असे त्यांना वाटते. ते काम तुझे नाही. मात्र ताऱ्यांचे तू त्यांना सांगितले नाहीस, हे बरे केले नाहीस. त्यांच्या प्रश्नाला तुझ्याकडे असलेले तेच खरे उत्तर आहे.

आकाशदर्शनाच्या बाबतीत तू योग्य गावात आली आहेस. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाश निरीक्षकांची संस्था पुण्यात १९४४ पासून काम करीत आहे; टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात तिचे कार्यालय आहे आणि शहराच्या दिव्यांपासून दूर रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम ती घेत असते. पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्याने ठेवते. त्याची चौकशी शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांकडे कर. पावसाळ्यात आकाश दिसत नाही, तेव्हा आधी व्याख्याने ऐक आणि थंडीतील कार्यक्रमासाठी नाव नोंदव. रात्रभराच्या कार्यक्रमाला आई-बाबांपैकी कोणीतरी बरोबर येतो म्हणेल. येऊ दे, फक्त सतरंजी थोडी लांब घालायला सांग.