डेव्हिड स्मिथची शिल्पं म्हणजे जोडलेलं भंगारच ना? मग त्याला एवढा मान का?

फोटो बघून भंगार वाटतं, त्यात तुमची चूक नाही. खुद्द स्मिथनेही आपलं एक शिल्प एकदा जाहीरपणे भंगारात काढलं होतं. त्यावर पुढे येतो.

आधी माझ्याबद्दल. माझ्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. सुट्टीत मीही तिथे ग्राइंडर धरायचो. त्यामुळे हे उत्तर कलेच्या अभ्यासकाचं नाही.

स्मिथ जन्मला १९०६ साली, अमेरिकेच्या इंडियाना राज्यात. १९२५च्या उन्हाळ्यात तो साउथ बेंडला स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात लागला. धातूकाम तिथे शिकला, तेही पोटासाठी. मग न्यूयॉर्कला जाऊन चित्रकला शिकला. पुढे एका फ्रेंच मासिकात पिकासो आणि शिल्पकार गोन्सालेस यांची लोखंड जोडून केलेली शिल्पं त्याच्या पाहण्यात आली, आणि कारखान्यातलं कसब इथेही चालतं हे त्याला उमगलं. १९३४ पासून तो ब्रुकलिनच्या धक्क्यावरच्या 'टर्मिनल आयर्न वर्क्स' नावाच्या वर्कशॉपमध्ये काम करू लागला. नंतर लेक जॉर्जकाठी बोल्टन लँडिंगला स्वतःची कार्यशाळा थाटली, तिलाही त्याने तेच नाव दिलं. शिल्पकाराच्या स्टुडिओला लोहारकामाच्या दुकानाचं नाव! मला हा माणूस आवडायला लागला तो इथपासून. महायुद्धाच्या काळात त्याने रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून रणगाडेही जोडले.

आता व्होल्ट्रीचं ऐका. १९६२ साली स्पोलेटोच्या महोत्सवासाठी इटलीने त्याला एक-दोन शिल्पं करायला बोलावलं. जेनोआजवळ व्होल्ट्री इथला एक बंद पडलेला पोलादाचा कारखाना आणि मदतीला कामगार दिले. पठ्ठ्याने ३० दिवसांत २७ शिल्पं उभी केली. सांडश्या, नट आवळायचे पाने, चाकं, घडाई अर्धवट राहिलेले बार, जे हाताला लागलं ते वापरलं. त्यातलं 'व्होल्ट्री ७' मी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत पाहिलंय. चाकांच्या गाड्यावर पाच वाकडे बार उभे आहेत. मला तर ती पाच माणसं गाड्यात बसून निघाल्यासारखी वाटली. ही माणसं नव्हेत, घडाईचे बार आहेत, असं स्मिथचं म्हणणं होतं. मला अजून ते पटलेलं नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'क्यूबी' या मालिकेत आहे. १९६१ ते ६५ या काळातली ही २८ शिल्पं. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे पोकळ ठोकळे आणि नळकांडी एकमेकांवर अशी तोललेली की आत्ता पडतील असं वाटावं. आमच्या शेडमध्ये ग्राइंडर मारायचा तो जोड लपवायला. ओरखडा राहिला की वडील परत करायला लावत. स्मिथने मुद्दाम ओरखडेच मारले, ब्रश फिरवावा तसे गोल गोल, सगळ्या पत्र्यावर. ही शिल्पं उघड्यावर ठेवायची होती. ऊन कलतं तसा त्या ओरखड्यांवरचा उजेड सरकतो आणि आकाशाचा रंग पत्र्यात उतरतो. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. तो शेवटपर्यंत चित्रकारच राहिला, असं माझं मत.

म्हणूनच रंगाच्या बाबतीत तो फार कडवा होता. '१७ एच' नावाच्या त्याच्या शिल्पाला ट्रकच्या लाल एनॅमलचे सहा हात दिलेले होते. विक्री-फेरविक्रीत कोणीतरी तो रंग खरवडून काढला. १९६० साली स्मिथने पत्र छापून कळवलं की हे आता माझं काम नव्हे, याची किंमत ६० पौंड भंगार लोखंडाइतकीच.

१९६५च्या मे महिन्यात व्हरमाँटमध्ये बेनिंग्टनजवळ त्याचा ट्रक उलटला आणि तो गेला, ५९ वर्षांचा असताना. बोल्टन लँडिंगच्या शेतात त्याची कितीतरी शिल्पं रांगेने उभी होती, काही पांढऱ्या रंगातली. त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांत प्रसिद्ध समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग होते. स्मिथचे रंग त्यांना कधीच रुचले नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत त्यातल्या काही शिल्पांचा पांढरा रंग काढला गेला. १९७४ साली कलासमीक्षक रोझलिंड क्राउस यांनी लेख लिहून ते उजेडात आणलं तेव्हा मोठा गहजब झाला. पण या वेळी पत्र लिहून 'हे माझं नव्हे' म्हणायला स्मिथ नव्हता.