गोव्यातल्या पालकांचा शाळेत दोन भाषांतून शिकवण्याला विरोध आहे का?

विरोध कसला, आम्ही तर शिकलोच तसे. मी डिचोलीचा. घरात कोंकणी, पुस्तक मराठी. बाई धडा मराठीतून वाचायच्या आणि वर्गाच्या डोळ्यांत काही उजेड दिसला नाही की तोच कोंकणीतून सांगायच्या. याला कुणी द्वैभाषिक शिक्षण म्हणत नव्हतं. मग पाचवीला हायस्कूलमध्ये गेलो आणि एका जूनमध्ये सगळं इंग्रजी झालं. चौथीत माझा गणितात पहिला नंबर. पण अपूर्णांक म्हणजेच फ्रॅक्शन, हे उमगायला चवथीची, म्हणजे गणपतीची, सुट्टी उजाडली. तोवर मी वर्गात ढ.

इथे भांडण दोन भाषांचं नसून अनुदानाचं आहे. 1990 साली सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान फक्त कोंकणी आणि मराठी माध्यमालाच. चर्चच्या बऱ्याच शाळा तेव्हा कोंकणीकडे वळल्या. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचं ठरलं आणि मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणारा भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. 2012 ला सरकार बदललं, तरी पुन्हा इंग्रजीकडे वळलेल्या चर्चच्या शाळांचं अनुदान चालूच राहिलं. त्याच रागातून 2016 मध्ये गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला. त्यात पुन्हा मराठी की कोंकणी हा आमचा जुना वाद आहेच, त्यात आता शिरत नाही.

पालकांचं म्हणाल तर माझ्याच घरात बघा. थोरला भाऊ पणजीला आझाद मैदानावर मातृभाषेसाठी घसा कोरडा करून आला आणि पुढच्या जूनमध्ये मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. मी हसलो तर म्हणाला, "पाचवीत तुझे कितें जाल्लें, विसरलो?" म्हणजे पाचवीत तुझं काय झालं होतं ते विसरलास? यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याला ढोंगी म्हणवत नाही. पाचवीतली ती उडी त्याला आपल्या पोराला मारायला लावायची नव्हती, एवढंच.

माझं मत विचाराल तर चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीच असावी, पण तिसरीपासून गणित-विज्ञानाचे शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर यावेत. त्याला नवा कायदा लागत नाही. मी मुलीला गावच्या मराठी शाळेत घातलंय. आमच्या फ्रिजवर चिठ्ठी आहे: छेद – डिनॉमिनेटर. अजून ती दुसरीतच आहे, बायको म्हणते घाई करतोस.