लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलून मिळतं का?

सरळच सांगतो: गेमसाठी तुझ्या लॅपटॉपमधलं एमएक्स ३५० हे ग्राफिक्स कार्ड काढून तिथे दुसरं कार्ड बसत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार 'ठेवून जा, बदलून देतो' म्हणाला असला, तरी ॲडव्हान्स देऊ नकोस.

डेस्कटॉपचं कार्ड स्लॉटमध्ये असतं, स्क्रू काढले की हातात येतं. लॅपटॉपमध्ये सहसा असा स्लॉटच नसतो. ग्राफिक्सची चिप खालच्या बाजूच्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर थेट मदरबोर्डला चिकटवलेली असते आणि तिची २ जीबी मेमरीही शेजारीच सोल्डर केलेली. तापवून चिप उचलणारे कसबी कारागीर मुंबईत आहेत, पण ते जळालेल्या चिपच्या जागी तशीच चिप बसवतात. दमदार चिप लावायची तर वीज पुरवणारं सर्किट, बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम, चिप थंड ठेवणारा तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक, सगळंच वेगळं लागतं. तुझा ॲडॅप्टर ६५ वॉटचा आहे. गेमिंग लॅपटॉपमध्ये नुसती ग्राफिक्सची चिपच त्याहून जास्त वीज खाऊ शकते. दुकानदाराच्या मनात बहुधा अख्खा मदरबोर्ड बदलायचं असावं. तसं असेल तर बिलावर काय लिहून देणार, ते आधी विचार.

पूर्वी काही महागड्या लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाची सुटी कार्डं यायची, ती आता जवळपास बंदच झाली. फ्रेमवर्क १६ या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचं मॉड्यूल बदलता येतं, पण तो अपवाद.

बाहेरून कार्ड जोडता येतं, ते मुख्यतः थंडरबोल्ट नावाच्या वेगवान पोर्टवर. टाइप-सी पोर्टशेजारी विजेची खूण आहे का बघ. नुसता टाइप-सी असून भागत नाही. थंडरबोल्ट ३ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत, म्हणजे डेस्कटॉपच्या स्लॉटपेक्षा फारच कमी, त्यामुळे कार्डाची थोडी ताकद वाया जाते. शिवाय कार्ड बसवायचा डॉक, पॉवर सप्लाय आणि कार्ड धरलं तर खर्च जुन्या डेस्कटॉपच्या आसपास जातो. तुझ्या जागी मी हे करणार नाही.

त्याऐवजी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघड. 'स्लॉट्स यूज्ड' समोर २ पैकी १ दिसत असेल, तर तेवढ्याच क्षमतेची रॅमची दुसरी स्टिक टाक. ८ जीबी एकाच स्टिकवर चालत असेल, तर गेम अडखळण्याचं निम्मं कारण तिथेच असू शकतं. मग पंखा साफ करून चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलून घे. आपल्याकडे दमट हवेत धूळ पंख्याच्या जाळीत चिकटून बसते, चिप तापली की वेग आपोआप उतरतो, आणि आपण मात्र कार्डालाच दोष देतो.

एवढं करून गेमची सेटिंग लो आणि रिझोल्यूशन ७२० पी वर ठेवलंस, तर व्हॅलोरंट, सीएस २ व्यवस्थित खेळता येतील. नवे मोठे गेम मात्र कार्डाच्या २ जीबी मेमरीत नाही चालणार. त्यासाठी पैसे साठव आणि पुढचा लॅपटॉप घेताना कार्डाच्या नावासोबत त्याचे वॉटही विचार. आरटीएक्स ४०६० एकाच नावाने ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत मिळतं, आणि दोघांच्या खेळात जमीन-अस्मानाचा फरक असतो.