फँटसी कादंबरीतली एवढी माणसं लक्षात ठेवायची कशी? वंशावळ लिहून काढू का?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं 'अ गेम ऑफ थ्रोन्स' दोनदा सुरू केलंत, नावांच्या गर्दीत शंभरेक पानांत कंटाळून ठेवून दिलंत आणि आता वही-पेन घेऊन बसायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. वही नका करू. केलीत की गोष्ट बाजूला राहते आणि आपण हजेरी घेत बसतो.

लेखकानं सोय केलेली आहे, तिचा फायदा घ्या. प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक म्हणजे एका माणसाचं नाव, आणि ते प्रकरण फक्त त्याच्या डोळ्यांनी दिसतं. सुरुवातीचं प्रास्ताविक सोडलं तर पहिल्या भागात अशी माणसं आठच आहेत: ब्रान, केटलिन, एडर्ड, जॉन, आर्या, सान्सा, टिरियन आणि डेनेरिस. यातले पहिले सहा एकाच घरचे, विंटरफेलच्या स्टार्कांचे. टिरियन हा राणीचा भाऊ आणि डेनेरिस समुद्रापलीकडे, तिचं कथानक वेगळंच चालतं. म्हणजे सुरुवातीला ओळख करून घ्यायची ती एका घराची. बाकीचे सरदार येतील, जेवतील, जातील. ज्याचं पुढे काम आहे तो पुन्हा येतोच, आणि तो कोण हे तेव्हा कळतं. राजधानीतल्या स्पर्धेच्या प्रकरणात भालाईत सरदारांची रीघ लागते. तिथे घाबरू नका. ते सगळं अकरा वर्षांच्या सान्साला दिसतंय आणि ती त्या थाटामाटानं हरखून गेलीय, एवढं कळलं तरी पुरे.

खरा गोंधळ माणसांमुळे होत नाही, आधीच्या इतिहासामुळे होतो. पुस्तक सुरू होण्याच्या साधारण पंधरा वर्षं आधी बंड झालेलं आहे. रॉबर्ट बराथियन, नेड (म्हणजेच एडर्ड) स्टार्क आणि जॉन अ‍ॅरिन यांनी वेड्या राजा एरिसविरुद्ध तलवार उचलली, एरिसला त्याच्याच अंगरक्षकानं, जेमी लॅनिस्टरनं, मारलं आणि रॉबर्ट गादीवर बसला. त्याची राणी सर्सी ही जेमीची जुळी बहीण. डेनेरिस आणि तिचा भाऊ ही एरिसची परागंदा मुलं. कोण कोणावर का खार खाऊन आहे, ते बहुतेक इथून निघतं. पाठ करायचंच असेल तर एवढं करा.

एकच नाव दोघातिघांना असतं, त्याचा वैताग येतो खरा. पण नेडनं थोरल्या मुलाचं नाव रॉब ठेवलं ते मित्र रॉबर्टवरून, आणि जॉनचं नाव जॉन अ‍ॅरिनवरून, ज्यानं नेडला लहानपणी सांभाळलं. ब्रान म्हणजे ब्रँडन, आणि नेडच्या मारल्या गेलेल्या थोरल्या भावाचं नावही ब्रँडनच. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी आणि मुलगाही संभाजी, हे आपल्याला कुठे अडतं?

'महाभारत माहीत असलेल्याला हे सोपं जातं' असंही लोक सांगतात. मला पटत नाही. भीष्म-द्रोण आपल्याला वाचायच्या आधीच माहीत असतात, घरात कोणीतरी सांगितलेलं असतं. इथे सगळीच माणसं परकी. तेव्हा आपण मठ्ठ आहोत असं वाटून घेऊ नका.

पुस्तकाच्या शेवटी घराण्यांची यादी आहे. अडलात तर ती बघा, त्यासाठी कागदी प्रत बरी पडते. मात्र पुढच्या भागांच्या याद्या चुकूनही उघडू नका, मागच्या भागात कोण मेलं ते तिथे सरळ छापलेलं असतं. इंटरनेटवर नाव शोधणं तर त्याहून वाईट.

आधी मालिका बघावी का? पहिला सीझन (2011) पहिल्या भागाला बराच धरून आहे, चेहरे लक्षात राहतात. पण धक्के वाया जातात, आणि रॉब, जॉन पुस्तकात चौदा वर्षांचे आहेत, हे मालिकेतले दाढीवाले तरुण डोळ्यांसमोर असले की विसरायला होतं. मी तरी आधी पुस्तकच वाचा म्हणेन.

चौथ्या भागात (2005) टिरियन, जॉन आणि डेनेरिस यांचं एकही प्रकरण नाही, ते पाचव्यात (2011) भेटतात. तिथवर पोचलात की चिडून पुस्तक टाकू नका. सहावा अजून आलेला नाही, त्यामुळे घाई करायचं तसंही काही कारण नाही.