बाबांच्या पोटऱ्या चालताना भरून येतात. जिंकोच्या गोळ्यांनी फरक पडतो का?

फारसा नाही. जिंको हे पंख्यासारख्या पानांचं चिनी झाड. त्या पानांचा अर्क युरोपात कित्येक वर्षं यासाठी, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने चालताना येणाऱ्या कळेसाठी, दिला गेला. कॉक्रेन या उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात १४ चाचण्या, ७३९ रुग्ण होते. नकली गोळीच्या तुलनेत चालणं सरासरी जेमतेम ६४ मीटरने वाढलं, आणि तेही योगायोगाने असू शकेल. बाबांना अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका, रक्तस्राव वाढू शकतो.

खरा गुण चालण्यानेच येतो: पोटरीत चांगली कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ ओसरली की पुन्हा निघायचं. निदान तीन महिने. विडी-तंबाखू मात्र आजपासून बंद, ही कळकळीची विनंती. बसल्या जागीही पाय दुखत असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.