स्कूटरचं मागचं चाक डगडगतंय? आधी हाताने बघ

बेअरिंग गेलं म्हणून लगेच गॅरेजला पळू नकोस. आधी हवा बघ. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला मागे एकट्यासाठी 29 आणि डबलसीटसाठी 36 पीएसआय लागते. 15 वर आली असेल तर गाडी शेपूट हलवणारच.

हवा बरोबर असेल तर गाडी बंद करून डबल स्टँडवर लाव. टायर वर-खाली दोन्ही हातांनी धरून आडवा हलव. आता नजर चाकावर नको, चाक आणि इंजिनच्या मधल्या फटीवर ठेव. चाक एकटंच 'कट कट' करत हललं तर एक्सलचा नट ढिला, आतल्या स्प्लाइन (चाक एक्सलवर पकडणाऱ्या खाचा) झिजलेल्या किंवा बेअरिंग गेलेलं. नट ढिला असेल तर तशी गाडी चालवूच नकोस. पण चाकाबरोबर अख्खं इंजिन हलत असेल, तर दोष चाकाचा नाहीच. इंजिन चेसिसला जिथे लटकतं तिथले रबर बुश संपलेत. माझ्या जुन्या गाडीचं बेअरिंग एका मेकॅनिकने दोनदा बदललं, डगडग तशीच. शेवटी निघाले बुशच!

काहीच हललं नाही, तर रिमच्या कडेजवळ खडू धरून चाक हाताने फिरव, इंजिन चालू करून नाही. खडू एकाच जागी घासला तर रिम आउट, म्हणजे वाकडी. खड्ड्यांची कृपा. रिम सरळ फिरतेय आणि टायरच उड्या मारतोय, तर टायरला फुगा आलाय, बदलून टाक.

नवा टायर नुकताच टाकलाय का? मग पंक्चरवाल्याने तो रिमवर नीट बसवला नसेल.