कर्मेल पर्वतावर सगळे लोक अचानक पालथे का पडले?

बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा अध्याय १८ नीट वाचा, उत्तर २१व्या वचनात आहे. परमेश्वराचा संदेष्टा एलीया इस्राएली लोकांना विचारतो की दोन्हीकडे किती दिवस लटपटणार, परमेश्वर देव असेल तर त्याच्यामागे जा, बआल (कनानी लोकांचा देव) असेल तर त्याच्यामागे, आणि लोक एक शब्दही बोलत नाहीत! दुष्काळाने आधीच पिचलेले, वर बआलला मानणाऱ्या ईजबेल राणीचा धाक. मग ठरतं की जो देव वेदीवर अग्नी पाठवेल तोच खरा. बआलचे ४५० संदेष्टे दुपार उलटेपर्यंत ओरडतात, अंगावर वार करून रक्त काढतात, पण काहीच होत नाही. एलीया मात्र मोडलेली वेदी १२ दगडांनी उभी करतो, ४ घागरी पाणी ३ वेळा ओततो, प्रार्थना एकदाच आणि छोटीशी. अग्नी उतरून वेदीभोवतीच्या चरातलं पाणीसुद्धा चाटून टाकतो आणि तीच गप्प माणसं ‘परमेश्वर हाच देव’ म्हणत पालथी पडतात. मला तरी वाटतं, त्यांना मनातून माहीत होतंच, फक्त बोलायची हिंमत त्या क्षणी आली.